जुनं रिव्हॉल्वर आणि खारी हवा: बिघाड नेमका कुठे आहे ते ओळखण्यासाठी

किनाऱ्यालगतच्या गावांत, मग ते वेंगुर्ला असो, मालवण असो की हर्णै, कपाटातलं परवान्याचं जुनं रिव्हॉल्वर अडू लागलं की "आता झिजलं ते" असं म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा ते झिजलेलं नसतं. घरगुती हत्यारातून मुळात गोळ्याच फार थोड्या झाडलेल्या असतात, तेवढ्यात पोलाद झिजत नाही. अडवणूक करतं ते घट्ट झालेलं तेल, सिलिंडरमागच्या, रिकामी कवचं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली साचलेली घाण आणि खाऱ्या हवेचा गंज. या तिन्हींची लक्षणं झिजेसारखीच दिसतात. म्हणून क्रम असा ठेवावा: रिकामं करणं, साफ करणं, तपासणं, आणि मगच काय बिघडलंय ते ठरवणं. साफसफाईआधी केलेली तपासणी फुकट जाते. आणि या संपूर्ण कामात कानशीला हात लावायचा नाही, कारण कानशीने गेलेलं पोलाद परत येत नाही.

इथलं सगळं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसाच्या सहा घरांच्या रिव्हॉल्वरला धरून आहे (घर म्हणजे सिलिंडरमधलं काडतूस बसण्याचं भोक). त्यात दोन घराणी येतात. एक मधून मोडून उघडणारं: वेब्ली अँड स्कॉट, आणि त्याच धाटणीचं कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं. दुसरं सिलिंडर बाजूला काढून उघडणारं: स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट.

कायद्याची बाजू आधी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करण्याच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. मालकाने साफसफाई, तेलपाणी आणि तपासणी करावी. भाग बदलणं, घासणं, वाकवणं, डाग देऊन जोडणं ही कामं परवानाधारक दुरुस्तीवाल्याची. गावातला लोहार किंवा लेथवाला कितीही कसबी असला तरी हे काम त्याच्याकडे नेऊ नये, त्यात तोही अडकतो आणि आपणही. हत्याराच्या नंबरावर सँडपेपर तर चुकूनही फिरवू नये. नंबर पुसट करणं हाच गुन्हा आहे.

रिकामं करणं

नळी भरीव भिंतीकडे किंवा जमिनीकडे. बोट चापाच्या बाहेर. सिलिंडर उघडून सगळी काडतुसं काढावी, मोजावी, डब्यात घालून दुसऱ्या खोलीत ठेवून यावं. मग सहाही घरांतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावं आणि प्रत्येक घरात करंगळीचं टोक घालून खात्री करावी. मध्येच फोन आला, कुणी हाक मारली, तर परत आल्यावर ही तपासणी पहिल्यापासून करायची.

सिलिंडर उघडतच नसेल आणि आत काडतुसं असतील, तर तिथेच थांबावं. ठोकाठोक करू नये, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवून परवानाधारक दुकानदाराला फोन करावा आणि तो सांगेल त्याप्रमाणे पोलीस ठाण्याला कळवून हत्यार हलवावं. भरलेलं आणि अडलेलं रिव्हॉल्वर हे घरी सोडवायचं कोडं नाही.

साफसफाई, आणि तेलाची गोष्ट

कोकणातल्या रिव्हॉल्वरांचं सगळ्यात मोठं दुखणं खोबरेल आहे. घरात ते हाताशी असतं, स्वच्छ दिसतं, म्हणून लावलं जातं. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठतं, म्हणजे डोंगराकडच्या गावांत हिवाळ्याच्या पहाटे ते आतल्या आत थिजतं. त्याहून वाईट म्हणजे जुनं झालं की खवट होतं, त्यातली आम्लं पोलादाला लागतात आणि धूळ मिसळून चिकट थर बनतो. जवसाचं तेल तर वाळून वॉर्निशासारखं होतं. अशा थराने घोडा हळू पडतो आणि काडतूस पेटत नाही, खटका, म्हणजे सिलिंडरच्या खाचेत बसून त्याला जागेवर धरणारा भाग, उशिरा वर येतो आणि सिलिंडर घसरतं. मालकाला वाटतं स्प्रिंग गेली. हत्याराला खनिज तेल लावावं. शिवणयंत्राचं तेल कुठल्याही बाजारपेठेत मिळतं आणि उत्तम चालतं.

सामान: .३२ च्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश आणि पितळी गज, जुन्या धुवट पंचाच्या बोटभर चिंध्या, दातांचा जुना ब्रश, लाकडी टूथपिक, अर्धी वाटी गाळलेलं रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, शिवणयंत्राचं तेल, भिंग, टॉर्च. स्क्रू ड्रायव्हर असा हवा की त्याचं पातं खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीला बसेल. सैल पात्याने खाच एकदा तुटली की पुढचा प्रत्येक माणूस तिला आणखी खराब करतो.

मुठीच्या फळ्या आधी काढाव्या. स्क्रू चार-पाच फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेच टोकलं की पलीकडची फळी उचलली जाते. पातं घालून उचकटली की लाकडाचा कपचा निघतो. फळीखाली गंज हमखास सापडतो, कारण घाम आणि दमट हवा तिथेच कोंडते. व्ही आकाराची किंवा सपाट मुख्य स्प्रिंगही तिथूनच दिसते. तिच्यावर गंजाचा खोल डाग, विशेषतः वळणापाशी, दिसला तर नोंद करून ठेवावी. जुनी स्प्रिंग तुटते ती अशाच डागापासून.

नळी आणि घरं ब्रशने दहा-बारा वेळा आरपार घासावी. ब्रश मध्येच उलटा फिरवू नये. रिव्हॉल्वरची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते, म्हणून गज नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नये. ती कड बिघडली की नेम बिघडतो. मग चिंधी कोरडी बाहेर येईपर्यंत पुसावं. सिलिंडरच्या मागची चांदणी, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारा तारा, पूर्ण वर उचलून तिच्या खालची बैठक टूथब्रशने झाडावी. अर्धवट जळालेल्या दारूचा एक कण तिथे अडकला तरी चांदणी कणभर वर राहते आणि सिलिंडर फिरताना घासतं. "एकाच घराला अडतं" ही तक्रार कित्येकदा एवढ्यावर मिटते.

जुन्या साठ्यातली काडतुसं वापरली गेली असतील तर आणखी एक पायरी आहे. जुन्या जातीच्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हे मीठ तेलात किंवा रॉकेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. ठासणीची बंदूक धुणाऱ्या शेतकऱ्यांना गरम पाण्याचं महत्त्व ठाऊक असतं, रिव्हॉल्वरवाले मात्र पाण्याला घाबरतात. फळ्या काढून नळी आणि घरं कढत साबणाच्या पाण्याने, मग नुसत्या कढत पाण्याने धुवावी, ताबडतोब पुसावी, पंख्याखाली अर्धा तास ठेवावी आणि गार होण्याआधी तेल द्यावं.

गंजाच्या तांबूस पापुद्र्यावर तेल टाकून रात्रभर ठेवावं आणि सकाळी सगळ्यात बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने तेलातच हलकेच फिरवावं. निळसर काळा मुलामा आणि गंज यांत फरक करायला भिंग लागतं. चिंच, कोकम, लिंबू, व्हिनेगर यांनी भांडी चमकतात, पण काळा मुलामाही त्यांनी निघून जातो. पितळ चमकवणारी अमोनियाची पॉलिश निकेलच्या मुलाम्याच्या हत्याराला लावू नये. निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, त्यात ती शिरली की निकेल पापुद्र्याने सुटतं.

शेवटी तेल. घोड्याच्या खाचेत एक थेंब, चापाच्या खिळीपाशी एक, सिलिंडरच्या आसाला एक, चांदणीच्या दांड्याला एक. बाहेरून तेलाच्या चिंधीने नुसता हात फिरवावा. याहून जास्त तेल गळून काडतुसांत जातं आणि प्रायमर मारतं. पाणी हटवणारे स्प्रे ओलं हत्यार वाळवायला ठीक, पण वंगण म्हणून त्यांच्यावर विसंबू नये, आणि भरलेल्या काडतुसांजवळ तर अजिबात मारू नयेत.

आता तपासणी

सिलिंडरच्या घरांना मार्करने १ ते ६ आकडे घालावे. खालच्या प्रत्येक चाचणीत कोणत्या घराला काय झालं ते लिहून ठेवावं. रिकाम्या घरावर घोडा वारंवार पडू देऊ नये, जुन्या पिना आणि स्प्रिंगा त्याने मोडतात. सहा झाडलेल्या पुंगळ्या घालून तपासावं, किंवा घोडा अंगठ्याने धरून सावकाश उतरवावा.

पहिली चाचणी सुरक्षिततेची. घोडा पूर्ण मागे चढवावा, चापावरून बोट काढावं आणि अंगठ्याने घोड्याला मागून पुढे बऱ्यापैकी जोराने दाबावं. घोडा निसटला तर चापाची किंवा घोड्याची खाच झिजली आहे किंवा कुणी "चाप हलका करून" दिला आहे. असं हत्यार यापुढे भरायचं नाही. बाकी कुठल्याही दोषाला दोन दिवस उशीर चालेल, याला नाही.

दुसरी वेळ साधण्याची. डाव्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून किंचित ओढ द्यावी आणि उजव्या अंगठ्याने घोडा अगदी सावकाश चढवावा. सिलिंडरच्या खाचेत खटका बसल्याचा आवाज घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा फार तर त्याच क्षणी यायला हवा. घोडा चढला आणि सिलिंडर अजून हाताने थोडं पुढे सरकून खटक्यात बसत असेल, तर वेळ चुकते आहे. एकाच घराला असं होत असेल तर चांदणीवरचा त्या घराचा दात खराब. सहाही घरांना होत असेल तर सिलिंडर फिरवणारी बोटासारखी पट्टी आखूड झाली आहे. मग हीच चाचणी चाप सावकाश ओढून करावी. वेळ चुकलेल्या रिव्हॉल्वरमध्ये घर आणि नळी सरळ रेषेत नसताना गोळी सुटते, शिसं एका बाजूने कापलं जातं आणि ते मारणाऱ्याच्या किंवा शेजारच्याच्या तोंडावर उडतं. नळीच्या मागच्या तोंडाला एकाच बाजूला शिशाचा थर दिसला तर हेच समजावं.

तिसरी सैलपणाची. घोडा चढलेल्या स्थितीत सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहावं. जरासा खेळ प्रत्येक जुन्या हत्यारात असतो. सहज डोळ्याला दिसेल इतका असेल, आणि खाचांच्या कडा ठोकल्यासारख्या गोल झालेल्या दिसत असतील, तर खटका किंवा त्याची स्प्रिंग गेली. त्या खाचा गोल होतात त्या बहुधा दोन बोटांनी घोडा झपकन चढवण्याच्या सवयीने.

पुढेमागे होणारा खेळ मोजायला मोटारसायकलवाल्याचं टॅपेटचं फिलर गेज घ्यावं. सिलिंडर मागे दाबून धरून त्याच्यातली आणि नळीतली फट मोजावी. मग पुढे दाबून पुन्हा मोजावी. बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये पहिली फट ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असली की ठीक, ०.३० च्या वर गेली की दाखवायला न्यावं. दोन्ही मापांतला फरक ०.१० च्या वर असेल तरीही. फरक जास्त असला की पिन मारते तेव्हा काडतूस पुढे सरकतं, ठोसा अर्धवट लागतो आणि गोळी कधी सुटते, कधी नाही.

बाजूला उघडणाऱ्या घराण्यात चांदणीचा दांडा वाकलेला आहे का तेही पाहावं. सिलिंडर बाहेर काढून फिरवलं की दांड्याचं टोक स्थिर दिसायला हवं, गोल गोल डोलायला नको. सिनेमात दाखवतात तसं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्याचा दांडा आणि सिलिंडर बाहेर आणणारा आडवा हात, दोन्ही वाकतात. स्मिथ अँड वेसनमध्ये आणखी एक खोड आहे. तिचं सिलिंडर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं आणि १९६० च्या आधीच्या दांड्याला उजवे आटे असत, त्यामुळे दांडा फिरून फिरून सैल होतो, लांब होतो आणि सिलिंडर बाहेर पडू देत नाही. त्या सुमाराला कंपनीने आटे डावे केले. म्हणून दांडा आवळण्याआधी हत्यार कोणत्या काळातलं आहे ते पाहावं, उलटा आवळून आटे मोडू नयेत. आवळताना रिकाम्या पुंगळ्या घरांत असाव्या, नाहीतर चांदणीवर सगळा ताण येतो.

मोडून उघडणाऱ्या घराण्यात लक्ष द्यायची जागा म्हणजे वरचा आकडा, म्हणजे हत्यार बंद धरणारी कडी, आणि खालची बिजागरी. बंद करून एका हाताने मूठ, दुसऱ्याने नळी धरून वर-खाली हलवावं. आकड्याशी टकटक आवाज आला की आकडा किंवा त्याची बैठक झिजली. आडवी हालचाल झाली की बिजागरीची खिळी. दोन्ही दोषांत हत्यार भरू नये. पुंगळ्या नीट बाहेर पडत नसतील तर उघडताना हात अर्ध्यात थांबतो का ते आधी पाहावं. अर्धवट उघडलं की पुंगळीची कड चांदणीखाली सरकते आणि हत्यार ना उघडतं ना बंद होतं. अशा वेळी चांदणी हाताने पूर्ण वर धरून पुंगळी पुढून लाकडी काडीने ढकलावी. आत फक्त झाडलेल्या पुंगळ्या असतील तरच हे करावं.

प्रायमरवरचा ठोसा वाचणं

न सुटलेलं काडतूस तासाभराच्या तपासणीपेक्षा जास्त सांगतं. आधी नियम: चाप ओढून काही झालं नाही तर नळी त्याच दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबावं, प्रायमर उशिराही पेटू शकतो. मिनिटानंतर काडतूस काढून भिंगाखाली धरावं.

ठोसा मध्यावर पण उथळ: घट्ट झालेलं तेल, थकलेली स्प्रिंग, किंवा स्मिथ अँड वेसनमध्ये मुठीच्या पुढच्या कडेचा ताण देणारा स्क्रू सैल. तो स्क्रू नेहमी शेवटपर्यंत आवळलेला असायला हवा. चाप हलका व्हावा म्हणून तो सैल करून ठेवणं हे न सुटण्याचं फार जुनं कारण आहे. ठोसा मध्यापासून सरकलेला: वेळ किंवा खटका. ठोसा खोल आणि नीट, तरी सुटलं नाही: काडतूस मेलेलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर केएफ आणि वर्ष कोरलेलं असतं, ते पाहावं. किनाऱ्यावर चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या काडतुसांचं पितळ हिरवं होतं. ती पुसून वापरू नयेत, दुकानदाराकडे जमा करावी. एक गोष्ट स्मिथ अँड वेसनपुरती: घोड्यावरची पिन बोटाने हलते, ती तशीच बनवलेली असते. तिला दोष समजून कुणाकडून घट्ट करून घेऊ नये.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी झाडायची नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गेली की नळी फुगते किंवा फुटते. रिकामं करून पितळी गज नळीतून घालून पाहावा. अडकलेली गोळी काढणं हे दुरुस्तीवाल्याचं काम.

काडतूस घरात पूर्ण बसत नसेल तर कारण बहुधा मापाचं असतं. .३२ लाँगचं कवच साधारण २३.४ मिलिमीटर लांब, तर जुन्या .३२ शॉर्टचं साधारण १५.५. शॉर्ट लाँगच्या घरात चालतं, पण पुढे शिसं आणि काजळीचं कडं जमतं आणि मग लाँग तिथे अडतं. ब्रश आणि रॉकेलने ते कडं निघतं. पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे .३२ ऑटो काडतूसही या घरात शिरतं. ते शिरतं म्हणून वापरू नये. त्याचा दाब जास्त असतो आणि जुन्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर त्यासाठी बनलेलं नाही.

जुन्या बनावटीत घोड्याला आडवी येणारी सुरक्षेची पट्टी असेलच असं नाही. हत्यार पडलं तर घोड्यावर आपटून गोळी सुटू शकते. अशा हत्यारात पाचच काडतुसं भरून घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं.

मिरगापासून दसऱ्यापर्यंत

पाऊस लागण्याआधी एक पूर्ण साफसफाई, पावसात दर पंधरा दिवसांनी तेलाची चिंधी, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा पूर्ण साफसफाई. चामड्याच्या म्यानात हत्यार कधीही साठवू नये. कातडी कमावताना वापरलेले क्षार आणि चामड्याने शोषलेला ओलावा मिळून म्यानाच्या आकाराचा गंज उठतो. स्वच्छ सुती कापडाला तेलाचा हात देऊन त्यात गुंडाळावं, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या आणि डबा कुलपात. निळे दाणे गुलाबी झाले की लोखंडी कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत परतावे. घोडा चढवून ठेवू नये.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते. हळदकुंकू, फुलं, पाण्याचे शिंतोडे हत्यारावर रात्रभर राहिले तर सकाळी त्यांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात. पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावं. निवडणुकीत हत्यार जमा करण्याचा आदेश आला तरी हेच: नळीत आणि घरांत नेहमीपेक्षा जाड तेल, बाहेर मेणकागद, त्यावर कापड. म्यानासकट जमा करू नये. परत आल्यावर झाडण्याआधी नळीतलं तेल पुसायला विसरू नये.

दुरुस्तीला देताना

आपल्या परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती आहे की राज्यभर, ते कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या दुकानात जाण्याआधी पाहावं. मूळ परवाना सोबत, हत्यार रिकामं, काडतुसं न्यायचीच असतील तर वेगळ्या पिशवीत. "चालत नाही" एवढंच सांगू नये. "३ आणि ४ नंबरच्या घराला खटका उशिरा बसतो, फट ०.२० आहे, पुढेमागे ०.१२ चा खेळ आहे" असा कागद द्यावा. त्याने दुरुस्तीवाल्याचं निदानाचं काम सोपं होतं आणि बिलात नको ते भाग येत नाहीत. हत्याराचा नंबर लिहिलेली पावती घ्यावी.

परत घेताना नंबर परवान्याशी ताडून पाहावा, फट आणि पुढेमागेचा खेळ मोजून देतात का ते बघावं, आणि घोडा दाबण्याची व सावकाश चढवण्याची चाचणी दुकानातच, दुकानदाराला सांगून, सहाही घरांना करून घ्यावी. सिलिंडर किंवा नळी बदलली असेल तर तसं बिलावर लिहून मागावं, काढलेला जुना भाग कुठे राहिला ते विचारावं, आणि परवान्यावर नोंद लागते का याची चौकशी परवाना देणाऱ्या कार्यालयात त्याच आठवड्यात करावी.